गाठ मवाळ की जहाल?

वणी तालुक्यातले राजूर हे कोळशाचे आणि चुन्याचे गाव. जमिनीच्या पोटात काय दडले आहे ते वरून दिसत नाही. ठरावीक अंतरावर बोअर मारायचे, वर आलेले नमुने तपासायचे आणि दोन बोअरच्या मधल्या जागेचा अंदाज बांधायचा, ही रीत या पट्ट्याला नवी नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगाचे निदान गेली कित्येक दशके जवळजवळ असेच चालत आले. रक्तातला एक आकडा वाढलेला दिसला की गुदद्वारावाटे सोनोग्राफीचा प्रोब आत घालायचा, ग्रंथीत दहा-बारा ठिकाणी सुई मारायची आणि निघालेले तुकडे प्रयोगशाळेत पाठवायचे. सोनोग्राफीत ग्रंथी दिसते, गाठ मात्र बहुतेक वेळा दिसत नाही. सुई गाठीत गेली की तिच्या शेजारून निघून गेली, हे ज्याच्या त्याच्या नशिबावर.

चुकलेला बोअर पुन्हा मारता येतो. चुकलेल्या सुईची किंमत वेगळी असते. रक्त जाते, ताप भरतो, आतड्यातले जंतू रक्तात शिरून रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आपल्याकडे सर्रास आढळत असल्याने हा धोका केवळ पुस्तकातला नाही. त्याहून वाईट म्हणजे चुकीचा दिलासा किंवा चुकीची भीती. जहाल गाठ हुकते आणि ‘काही नाही’ असा रिपोर्ट हाती येतो, किंवा आयुष्यभर गप्प बसली असती अशी मवाळ गाठ सापडते आणि माणूस थेट ऑपरेशनच्या टेबलावर जातो.

गेल्या दहा-बारा वर्षांत जगाने हा क्रम बदलला आहे. आधी चित्र, मग गरज पडली तर सुई. मुंबई-नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत हा बदल रुळला आहे. तो यवतमाळ जिल्ह्याच्या टोकावरच्या खाणगावांपर्यंतही जायला हवा. आणि त्यासाठी लागणारा पैसा याच गावांच्या जमिनीखालून निघतो.

प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली पुरुषांची ग्रंथी. तरुणपणी तिचे वजन वीसेक ग्रॅम असते. पन्नाशीनंतर ती वाढू लागते, लघवीची धार बारीक होते, रात्री तीन-चारदा उठावे लागते. ही वाढ बहुतेकदा कर्करोगाची नसते. कर्करोग बहुधा ग्रंथीच्या बाहेरच्या भागात, मूत्रमार्गापासून दूर सुरू होतो आणि म्हणून सुरुवातीला काहीच त्रास देत नाही. म्हणजे ज्याला त्रास आहे त्याला बहुधा कर्करोग नसतो आणि ज्याला कर्करोग आहे त्याला त्रास नसतो. ‘वयोमानाने व्हायचेच’ असे म्हणून दोघांनाही घरी बसवले जाते. पुढे कधीतरी कंबर धरते, पाठीचे दुखणे काही केल्या जात नाही आणि रोग हाडांत उतरल्याचे एक्स-रेमध्ये दिसते. जन्मभर ओझी वाहिलेल्या माणसाच्या कंबरदुखीकडे कुणी संशयाने पाहत नाही. खाणीत, भट्टीवर, शेतात राबलेल्या पुरुषांच्या गावात म्हणूनच हा रोग अधिक काळ लपून राहू शकतो.

भारतात दरवर्षी चाळीस हजारांच्या आसपास पुरुषांना हा कर्करोग झाल्याचे निदान होते. पाश्चात्त्य देशांच्या मानाने हे प्रमाण कमी आहे, पण ते तसेच राहणार नाही. ‘लॅन्सेट’ नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाच्या 2024 च्या अंदाजानुसार जगातले वार्षिक नवे रुग्ण 2020 मधल्या 14 लाखांवरून 2040 पर्यंत 29 लाखांवर जातील आणि वाढीचा मोठा भार गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांवर पडेल. कारण सरळ आहे. माणसे जास्त जगू लागली आणि हा म्हातारपणाचा रोग आहे.

आता या रोगाची विचित्र गोष्ट. प्रोस्टेटचा कर्करोग एकच नाही. जगभरातल्या शवविच्छेदनांच्या एकत्रित अभ्यासात असे आढळले की ऐंशीच्या आसपास किंवा त्यापुढे वेगळ्याच कारणाने मेलेल्या निम्म्याहून अधिक पुरुषांच्या प्रोस्टेटमध्ये कर्करोगाच्या पेशी होत्या. त्यांना ते कधी कळलेही नाही. दुसरीकडे असे रुग्ण असतात की निदानानंतर दोन-तीन वर्षांतच हाडे पोखरली जातात. नाव एक, स्वभाव दोन. मिनियापोलिसमधले पॅथॉलॉजिस्ट डोनाल्ड ग्लीसन यांनी 1966 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींच्या मांडणीवरून या स्वभावाला गुण देण्याची पद्धत काढली. आजही तुकड्याच्या रिपोर्टवर ‘3+3’ किंवा ‘4+5’ असे लिहून येते ते ग्लीसन यांच्यामुळे. सहा गुणांचा रोग सहसा मवाळ, आठच्या पुढचा जहाल. पण ग्लीसन गुण देणार तो हाती आलेल्या तुकड्याला. जो भाग सुईला लागलाच नाही त्याला गुण कोण देणार?

ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ या चाचणीने मवाळ रोगाबद्दल मोठा धडा दिला. पीएसए या रक्ततपासणीतून रोग सापडलेल्या आणि तो ग्रंथीपुरताच मर्यादित असलेल्या 1643 पुरुषांचे तीन गट केले गेले. एकावर शस्त्रक्रिया, दुसऱ्यावर रेडिएशन आणि तिसऱ्यावर केवळ लक्ष. पंधरा वर्षांनी, 2023 मध्ये निकाल आला तेव्हा प्रोस्टेटच्या कर्करोगाने मेलेल्यांचे प्रमाण एकूण 2.7 टक्के होते आणि तिन्ही गटांत फारसा फरक नव्हता. नुसते लक्ष ठेवलेल्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश पुरुष कोणताही उपचार न घेता हयात होते. मात्र याच गटात रोग पसरण्याचे प्रमाण 9.4 टक्के, म्हणजे इतर दोन गटांच्या दुप्पट निघाले. बहुतेकांना थांबणे परवडते, काहींना अजिबात परवडत नाही. ते ‘काही’ कोण, हे आधी ओळखणे हाच सगळा प्रश्न आहे.

रक्तातल्या पीएसए या प्रथिनाच्या तपासणीने हा प्रश्न सोडवला नाही, उलट वाढवला. अमेरिकेत 1986 मध्ये उपचारानंतरच्या देखरेखीसाठी आणि 1994 मध्ये रोग शोधण्यासाठी तिला मान्यता मिळाली. मग गावोगाव तपासणी, त्यामागून सुया, त्यामागून शस्त्रक्रिया. पीएसए कर्करोगाने वाढते, तसेच साध्या वाढीनेही वाढते, जंतुसंसर्गाने वाढते, लघवीची नळी घातल्यानेही वाढते. 1970 मध्ये प्रोस्टेटमधल्या प्रतिजनांवर काम करणाऱ्या रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनीच 2010 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या सरसकट तपासणीवर कडक टीका केली. 2012 मध्ये अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ गटाने पीएसए तपासणी करूच नये असे सांगितले. 2018 मध्ये तोच गट थोडा मागे आला आणि 55 ते 69 वर्षे वयाच्या पुरुषांनी डॉक्टरशी बोलून स्वतः ठरवावे असे म्हणू लागला. निरुपद्रवी रोगावर शस्त्रक्रिया करून लघवीवरचा ताबा आणि पुरुषत्व गमावलेले लोक एका बाजूला, वेळेत न सापडल्याने दगावलेले दुसऱ्या बाजूला. दोन्ही टोके अमेरिकेने पैसे मोजून पाहिली.

या कोंडीतून वाट काढली ती एमआरआयने. त्याचे तत्त्व समजायला कठीण नाही. निरोगी प्रोस्टेटमध्ये द्रवाने भरलेल्या बारीक नलिका असतात आणि त्यांत पाण्याचे रेणू मोकळेपणाने हलतात. जहाल गाठीत पेशी दाटीवाटीने वाढतात, नलिका बुजतात, पाण्याला हलायला जागा उरत नाही. एमआरआयचा ‘डिफ्युजन’ नावाचा प्रकार पाण्याची ही हालचालच मोजतो. हालचाल जितकी अडलेली, तितका त्या जागेचा ठिपका नकाशावर काळा. आणि ठिपका जितका काळा, तितका ग्लीसनचा गुण चढा असण्याची शक्यता अधिक. म्हणजे गाठ कुठे आहे एवढ्यावर न थांबता ती कशी वागेल याचाही अंदाज सुई न टोचता मिळतो. जोडीला ग्रंथीची रचना दाखवणारे साधे चित्र असते. शिरेतून गॅडोलिनियमचे औषध देऊन रक्तपुरवठा पाहणे हा तिसरा भाग. या सगळ्यावरून रेडिऑलॉजिस्ट एक ते पाच असा गुण देतो. 2012 पासून वापरात आलेल्या या पद्धतीला ‘पायरॅड्स’ म्हणतात. एक-दोन म्हणजे काळजी नको, चार-पाच म्हणजे तुकडा घ्याच, तीन म्हणजे विचार करा.

पुरावा कागदावर भक्कम आहे. ‘लॅन्सेट’मध्ये 2017 साली आलेल्या ‘प्रॉमिस’ अभ्यासात 576 पुरुषांची एमआरआय, नेहमीची बायोप्सी आणि ग्रंथीत दर पाच मिलिमीटरवर सुई मारणारी कसून केलेली बायोप्सी, अशा तिन्ही तपासण्या झाल्या. जहाल रोग पकडण्यात एमआरआय 93 टक्के यशस्वी ठरला, नेहमीची बायोप्सी 48 टक्के. दुसऱ्या वर्षी ‘प्रिसिजन’ चाचणीचा निकाल आला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या वीरू कासिविश्वनाथन आणि सहकाऱ्यांनी 500 पुरुषांचे दोन गट केले. आधी एमआरआय केलेल्या गटात 28 टक्के लोकांना सुई टोचावीच लागली नाही. तरीही जहाल रोग 38 टक्क्यांत सापडला, नेहमीच्या पद्धतीत तो 26 टक्क्यांतच सापडला होता. मवाळ, म्हणजे शोधून उपयोग नसलेला रोग 22 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आला. कमी सुया, जास्त कामाचे निदान आणि कमी निष्कारण भीती, या तिन्ही गोष्टी एकदम मिळणे वैद्यकात दुर्मीळ. गुणांमधला फरकही बोलका होता. पायरॅड्स तीन मिळालेल्यांपैकी 12 टक्क्यांत जहाल रोग निघाला, चार मिळालेल्यांत 60 टक्क्यांत आणि पाच मिळालेल्यांत 83 टक्क्यांत. 2019 मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने आधी एमआरआय हा नियमच करून टाकला.

राजूरसारख्या ठिकाणांच्या दृष्टीने मात्र त्यानंतरची ‘प्राइम’ चाचणी अधिक मोलाची. तीही कासिविश्वनाथन यांच्याच नेतृत्वाखालची, 12 देशांतल्या 490 पुरुषांची. 2025 मध्ये ‘जामा’ नियतकालिकात आलेल्या तिच्या निकालाप्रमाणे शिरेतून औषध देण्याचा तिसरा भाग वगळला तरी निदानात उणेपणा येत नाही. दोन्ही पद्धतींनी जहाल रोग सुमारे 29 टक्क्यांत सापडला. औषध नाही म्हणजे त्याचा खर्च नाही, शिरेत सुई नाही, मूत्रपिंडाच्या रुग्णांची चिंता नाही. अर्ध्या-पाऊण तासाची तपासणी पंधरा-वीस मिनिटांवर येते. एका यंत्रावर दिवसभरात जवळपास दुप्पट रुग्ण तपासता येतात. ‘एमआरआय ही श्रीमंत देशांची चैन’ या म्हणण्यातली अर्धी हवा या एका निकालाने काढून घेतली आहे.

उरलेली अर्धी हवा खरी आहे आणि ती मान्य करायला हवी. एमआरआय स्वच्छ आला म्हणजे रोग नाही असे नव्हे. ‘प्रॉमिस’मध्ये स्वच्छ एमआरआय असलेल्या दर दहांपैकी साधारण एकात जहाल रोग निघालाच. म्हणून पीएसएचा आकडा ग्रंथीच्या आकारमानाने भागून पाहतात. भागाकार 0.15 च्या वर गेला तर चित्र स्वच्छ असूनही डॉक्टर सावध राहतात. शिवाय चित्रातला काळा ठिपका दर वेळी कर्करोगच असेल असे नाही. आपल्याकडे प्रोस्टेटचा क्षयरोग आणि जुनी सूज हुबेहूब जहाल गाठीसारखी दिसू शकते. पाश्चात्त्य पुस्तकांवर शिकलेल्या डोळ्यांना हे भान ठेवावे लागते, संगणकांना तर अधिकच. ‘पाय-काय’ या 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्पर्धावजा अभ्यासात दहा हजारांवर एमआरआय वापरून घडवलेल्या आणि पारखलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने 20 देशांतल्या 62 रेडिऑलॉजिस्टांच्या सरासरीला मागे टाकले. पण ती सगळी चित्रे युरोपातली होती. विदर्भातल्या क्षयरोगाशी त्या प्रणालीची गाठ पडलेली नाही.

आणि संशयास्पद ठिपका दिसला की तुकडा घ्यावाच लागतो. एमआरआयने सुई संपवलेली नाही, तिला पत्ता दिला आहे. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे गावोगाव ऐकू येणारे वाक्य प्रोस्टेटच्या बाबतीत निराधार आहे. त्या भीतीने जहाल गाठीचा तुकडा टाळणारा माणूस स्वतःचे उपचाराचे दिवस घालवतो. आता सुई गुदद्वारावाटे न घालता त्याच्या पुढच्या त्वचेतून घालण्याची पद्धत रूढ होत असल्याने जंतुसंसर्गाची भीतीही घटली आहे.

गाठ जहाल निघाली, तर पुढचा प्रश्न ती किती पसरली हा. इथे महाराष्ट्राचे काम जगाच्या नकाशावर आहे. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या पेशींवर पीएसएमए नावाचे प्रथिन विपुल असते. त्याला चिकटणाऱ्या रेणूला किरणोत्सारी गॅलियम-68 जोडून शिरेतून दिले की पेट स्कॅनमध्ये रोगाच्या जागा उजळतात. रोग जितका जहाल तितकी झळाळी सहसा अधिक. ऑस्ट्रेलियातल्या 302 जहाल रुग्णांच्या ‘प्रोपीएसएमए’ चाचणीत 2020 मध्ये या स्कॅनची अचूकता 92 टक्के आणि सीटी व बोन स्कॅन मिळून 65 टक्के भरली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने या गॅलियमला मान्यता दिली. तोवर मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये हा स्कॅन वर्षानुवर्षे वापरात होता.

टाटा मेमोरियलच्या डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी 2011 ते 2017 या काळात 224 जहाल रुग्णांवर केलेली ‘पॉप-आरटी’ चाचणी जगभर उद्धृत होते. प्रश्न असा होता की रेडिएशन केवळ प्रोस्टेटला द्यावे की ओटीपोटातल्या लसिकाग्रंथींनाही. आधीच्या परदेशी चाचण्यांना याचे ठाम उत्तर मिळाले नव्हते. मुंबईच्या चाचणीत सुमारे 80 टक्के रुग्णांचे पीएसएमए पेट स्कॅन आधी झालेले होते. रोग आधीच दूर पसरलेले रुग्ण त्यामुळे बाजूला काढता आले. पाच वर्षांनी, पीएसए पुन्हा न चढलेल्यांचे प्रमाण लसिकाग्रंथींनाही रेडिएशन दिलेल्या गटात 95 टक्के आणि केवळ प्रोस्टेटला दिलेल्या गटात 81 टक्के निघाले. एकूण जगण्यात तोवर फरक दिसला नव्हता, हेही त्याच शोधनिबंधात नोंदवले आहे. रुग्ण आधी नीट निवडले, की जुन्याच उपचाराचा उपयोग किती स्वच्छ दिसतो, याचे हे उदाहरण.

टाटा मेमोरियल आहे त्या परळलाच भाभा अणुसंशोधन केंद्राचे 1963 पासूनचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. पीएसएमएला चिकटणाऱ्या रेणूला गॅलियमऐवजी ल्युटेशियम-177 जोडले की तोच रेणू रोग दाखवण्याऐवजी जाळू लागतो. हे ल्युटेशियम तुर्भ्याच्या ध्रुव अणुभट्टीत तयार होते. या उपचारालाही एक अपवाद आहे. काही अतिजहाल पेशी पीएसएमए टाकून देतात आणि साखर खाऊन वाढतात. पीएसएमए स्कॅनमध्ये अंधार आणि साखरेच्या साध्या पेट स्कॅनमध्ये उजेड, असे दिसले की रोग सर्वांत वाईट वळणावर असल्याचे डॉक्टर ओळखतात आणि ल्युटेशियमवर विसंबत नाहीत. चित्रावरून रोगाचा स्वभाव वाचणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

गॅलियम-68 चे आयुष्य मात्र फार थोडे. 68 मिनिटांत त्याची ताकद निम्मी होते. त्यामुळे पेट स्कॅन शहरातच राहणार. राजूरच्या माणसाला त्यासाठी वणी, वरोरा, जाम, बुटीबोरी असा शंभराहून अधिक किलोमीटरचा रस्ता धरावा लागणार. त्या रस्त्यावर नागपूरच्या अलीकडे जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे आणि शहरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय. जहाल रोगाच्या रुग्णाने एवढे जाणे रास्त. पण ज्याचा केवळ पीएसए चढला आहे आणि ज्याला कदाचित कशाचीच गरज नाही, त्यानेही मजुरी बुडवून, सोबतीला एक माणूस घेऊन नागपूरच्या खेपा घालाव्यात काय?

इथे गावातले वर्गही पाहावे लागतात. कोल इंडियाच्या कायम कामगाराला नोकरीत असताना कंपनीचा दवाखाना आणि निवृत्तीनंतर वैद्यकीय योजना असते. कंत्राटदाराकडच्या मजुराला, चुनाभट्टीवर आयुष्य घालवलेल्याला, कोरडवाहू कास्तकाराला ती नसते. त्यांच्यासाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. ती उपयोगी आहे, पण तिची बांधणी भरती होणाऱ्या रुग्णाभोवती आणि उपचारांच्या पॅकेजभोवती झाली आहे. ‘तुम्हाला काहीही करायची गरज नाही, सहा महिन्यांनी पुन्हा पीएसए करा’ हा सल्ला कोणत्या पॅकेजमध्ये बसवायचा? ऑपरेशनसाठी पैसा आहे आणि ऑपरेशन टाळणाऱ्या तपासणीसाठी खिशात हात घालावा लागतो, अशी व्यवस्था असेल तर ती नकळत माणसाला सुरीकडेच ढकलते.

याच कारणाने ‘मोफत कर्करोग तपासणी शिबिरां’त सरसकट पीएसए करण्याला विरोध व्हायला हवा. पन्नास पुरुषांचे रक्त घ्यायचे, सहा-सात जणांच्या हाती वाढलेल्या आकड्याचा कागद द्यायचा आणि मंडप आवरून निघून जायचे, हे आरोग्यसेवेत मोडत नाही. ज्या शिबिराच्या मागे एमआरआयची आणि लघवीच्या विकारांच्या तज्ज्ञाची ठरलेली वाट नाही, तिथे लक्षणे नसलेल्यांचे पीएसए करू नये. लक्षणे असलेल्याची गोष्ट निराळी. साठीच्या पुरुषाची कंबरदुखी महिनाभर हटत नसेल, लघवीत रक्त दिसले असेल किंवा वडिलांना-भावाला हा रोग होऊन गेला असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच रक्त पुढे जायला हवे.

मग वाट तयार करायची कुठे आणि कुणाच्या पैशाने? 2015 मध्ये खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणजिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करणे बंधनकारक झाले. जुन्या खाणपट्टेधारकांनी रॉयल्टीच्या 30 टक्के आणि नव्यांनी 10 टक्के एवढी जादा रक्कम त्यात भरायची आणि ती खाणबाधितांवर खर्च करायची. प्रधानमंत्री खनिज क्षेत्र कल्याण योजनेच्या मूळ सूचनांतच किमान 60 टक्के पैसा पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या गोष्टींवर खर्च करण्याचे बंधन होते. वर्धा नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात राज्य सरकार, टाटा ट्रस्ट आणि तिथले खनिज प्रतिष्ठान यांच्या भागीदारीतून कर्करोग रुग्णालय उभे राहिले. वणी परिसरातला कोळसाही रॉयल्टी भरतोच. नवे रुग्णालय मागण्याची इथे गरज नाही. वणीच्या सरकारी रुग्णालयात दीड टेस्लाचे एक एमआरआय यंत्र पुरे. प्रोस्टेटची गुण देण्याची पद्धत तेवढ्या ताकदीचे यंत्र मान्य करते.

‘जिथे साधा एक्स-रे वेळेवर निघत नाही तिथे एमआरआय कशाला?’ हा आक्षेप येईल. यंत्र केवळ प्रोस्टेटसाठी बसणार नाही. अवजड ट्रकांच्या या रस्त्यांवर डोक्याला मार लागलेले, मणका दबलेले, पक्षाघात झालेले रुग्ण रोज असतात. प्रोस्टेटचे रुग्ण त्यात आठवड्याला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही पीएसएने गाळून आलेले. यंत्र बंद पडून धूळ खाते, हा आक्षेप अधिक गंभीर आहे. म्हणून खरेदीच्याच करारात देखभालीचा पैसा आणि तंत्रज्ञाचा पगार धरायला हवा. यंत्राचे फोटो छापून येतात, देखभालीचे येत नाहीत, त्यामुळे हीच बाब पहिल्यांदा कापली जाते.

खरी अडचण चित्र वाचणाऱ्यांची आहे. प्रोस्टेटचा एमआरआय वाचणे हे सरावाचे काम. महिन्याला दोन-चार पाहणाऱ्याच्या गुणांवर विसंबता येत नाही. पण रुग्णाला हलवावे लागते तसे चित्राला हलवावे लागत नाही. वणीत काढलेले चित्र त्याच दिवशी नागपुरात किंवा परळला उघडता येते. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने 2012 मध्ये सुरू झालेले नॅशनल कॅन्सर ग्रिड देशभरातल्या कर्करोग केंद्रांना जोडते. खाणपट्ट्यातल्या सरकारी यंत्रांवरची प्रोस्टेटची चित्रे अशा जाळ्यातल्या ठरावीक, सराव असलेल्या डोळ्यांकडेच जावीत, असा करार राज्याच्या आरोग्य खात्याने करणे अशक्य नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता तिथे दुसरे मत म्हणून बसवावी, तीही इथल्या क्षयरोगाच्या चित्रांवर पारखून घेतल्यानंतर.

पहिल्या वर्षाअखेर खनिज प्रतिष्ठानाने खाणगावांच्या ग्रामसभांपुढे दोन आकडे ठेवावेत. पीएसए वाढल्याचे कळल्यापासून एमआरआयचा रिपोर्ट हाती येईपर्यंत सरासरी किती दिवस गेले, हा एक. आणि पायरॅड्स चार-पाच गुण मिळून ज्यांचा तुकडा घेतला त्यांच्यापैकी किती जणांत खरोखर जहाल रोग निघाला, हा दुसरा. ‘प्रिसिजन’मध्ये हे प्रमाण चार गुणांना 60 टक्के आणि पाच गुणांना 83 टक्के होते. वणीचा आकडा त्याच्या फार खाली राहिला, तर वाचणाऱ्यांचे प्रशिक्षण तपासावे लागेल. आणि दिवसांचा आकडा महिन्यापलीकडे गेला, तर यंत्र वणीत असूनही राजूरचा माणूस नागपूरच्याच रांगेत उभा आहे, असे समजून पुढच्या वर्षाचा निधी आधी तंत्रज्ञ आणि देखभालीकडे वळवावा लागेल.